आबदाराचा सोरा

गार बिअरचा इतिहास बर्फापासून नव्हे, सोऱ्यापासून सुरू करावा लागतो. सोरा पाण्यात विरघळताना उष्णता शोषतो; 'ऐन-ए-अकबरी'त ही युक्ती नोंदलेली आहे. कंपनीच्या अमदानीत साहेबाचा आबदार अशाच पाण्यात बाटली फिरवून ती गार करी. (आबदारखाना पेशवाईच्या वाचकाला अनोळखी नाही.) बाटलीभोवती ओले फडके गुंडाळणे स्वस्त खरे; पण हमरापूर-पेणपासून मुंबईपर्यंतच्या दमट हवेत बाष्पीभवन मंदावते, आणि फडके हरते.

१८३३ मध्ये फ्रेडरिक ट्यूडरचे 'टस्कनी' जहाज बोस्टनहून सुमारे १८० टन बर्फ घेऊन निघाले. कलकत्त्यास त्यातले सुमारे १०० टन पोहोचले. १८३४ च्या सुमारास मुंबईलाही अमेरिकन बर्फ मिळू लागला आणि आबदाराची कला मागे पडली. प्रगतीच म्हणायची; मात्र पेल्यात टाकलेला बर्फ बिअर पातळ करतो. सोऱ्याचा हा दोष नव्हता.

आजचा दुहेरी भिंतींचा पोलादी पेला जेम्स ड्यूअरच्या १८९२ च्या निर्वात पात्राचा वंशज. तो गारवा राखतो, निर्माण करीत नाही. आबदार दोन्ही करी. आता 'आबदार' म्हटले की आपल्याला मोती आठवतो, किंवा तलवारीचे पाते.