पी. पी. नंबर

परवा नातीचा व्हॉट्सॲपवर निरोप आला, "आजी, फोन करू का?"

खरं सांगते, मला रागच आला. आजीला फोन करायला परवानगी कसली मागायची? मी निरोपाला उत्तर न देता सरळ फोनच लावला. तर तिने तो उचलला नाही! दहा मिनिटांनी तिचा फोन आला, आवाज घाबरलेला. "आजी, काय झालं? असा एकदम तुझा फोन आला की मला वाटतं काहीतरी वाईट घडलंय."

मी गप्पच झाले. कारण हे वाक्य मी पूर्वी ऐकलेलं होतं. शब्द वेगळे, पण भीती तीच.

मंडळी, फोन हे यंत्र मुळात परक्याच्या घरात न विचारता शिरणारं. त्यामुळे तो आला तेव्हापासून माणसं त्याच्याशी वागायच्या रीती ठरवत आली आहेत. अगदी पहिला शब्द काय उच्चारायचा इथपासून! ग्रॅहम बेलने 1876 मध्ये फोनचं पेटंट घेतलं, तेव्हा त्याला खलाशांची 'अहॉय' ही हाळी पसंत होती. 'हॅलो' सुचवला एडिसनने, 1877 मध्ये, आणि तोच जगभर रुजला. अमेरिकेतल्या कंपन्यांना सुरुवातीला वाटे, फोन धंद्याच्या कामासाठी आहे, बायकांनी त्यावर गप्पा मारणं म्हणजे दुरुपयोग. गप्पा मारा अशी जाहिरात करायची अक्कल त्यांना बऱ्याच वर्षांनी आली. असो.

आपल्याकडे मुंबई, कोलकाता, मद्रास इथे टेलिफोन 1882 मध्येच आला, पण आमच्या वाईच्या आळीत तो पोचायला पुढची ऐंशीएक वर्षं गेली. मी लग्न होऊन आले तेव्हा अख्ख्या आळीत एकच फोन होता, समोरच्या धान्याच्या व्यापाऱ्यांकडे. त्यावर क्रोशाचा रुमाल, डायलला एवढंसं कुलूप. (कुलूप असतानाही हूक टपटप दाबून नंबर लावणारी कार्टी होतीच. त्यांतलं एक माझ्याच वर्गात होतं.)

तो नंबर आम्हा सगळ्यांचा होता. पत्रिकेवर, अर्जावर तो लिहायचा आणि आधी 'पी. पी.' घालायचं, म्हणजे फोन आमचा नाही, शेजारचा, निरोप मिळेल. मूळ शब्द ट्रंक कॉलचा. जादा पैसे भरून 'अमुक व्यक्तीलाच जोडून द्या' असं सांगता येई, त्याला पी. पी. कॉल म्हणत. नाहीतर मला आळीतून बोलावून आणेपर्यंत भावाची तीन मिनिटं संपायची!

त्या फोनचे नियम कुणी लिहिलेले नव्हते, पण सगळ्यांना पाठ होते. जेवणाच्या वेळी फोन करायला जायचं नाही. आपण केला तर पैसे डब्यात टाकायचे, काकू "राहू दे गं" म्हणाल्या तरी टाकायचे. बोलताना घरच्यांनी ऐकलं नाही असं दाखवायचं, आणि आपणही त्यांनी ऐकलं नाही असं धरून चालायचं. माझ्या सासूबाई फोनवर व्याह्यांशी बोलताना डोक्यावरून पदर घ्यायच्या. आवाजही अंतराप्रमाणे. साताऱ्याला बेताने, मुंबईला ओरडून.

फोन आला की काकूंचा धाकटा पळत यायचा, "काकू, तुमचा फोऽऽन!" ती हाक आली की पोटात गोळा यायचाच. ट्रंक कॉल कुणी गंमत म्हणून करत नसे.

1981 च्या पावसाळ्यात एक दिवस तो पळत आला नाही. मी शाळेत होते, सातवीचा तास चालू होता. दारात काकू उभ्या, निऱ्या चिंब भिजलेल्या. एरवी ही बाई आळीबाहेर एकटी पडत नसे. म्हणाल्या, "घरी चल, तुझ्याकडे काम आहे." त्यांच्या घरी नेलं, पान वाढलं, "आधी जेव." मी दोन-तीनदा विचारलं. "सांगते, जेव." मी जेवले. मग त्यांनी सांगितलं. दादरला माझे वडील सकाळीच गेले होते. भावाने अर्जंट कॉल लावला होता, मी नाही म्हटल्यावर निरोप त्यांच्याकडे दिला होता.

किती वर्षं मला त्या जेवणाचा राग होता. वडील गेलेले, आणि मी आमटी-भात खात होते! फोन त्यांचा असला म्हणून माझी बातमी तासभर आपल्याजवळ ठेवायचा हक्क त्यांना कुणी दिला?

मुंबईची एस.टी. चारला होती. ती किती वाजता आहे हे त्यांनी मला शाळेत आणायला येण्याआधी स्टँडवर विचारून ठेवलं होतं, पावसातून. हे मला त्यांच्या धाकट्याने सांगितलं, पुष्कळ नंतर. रात्री दादरला पोचले, त्यानंतर दोन दिवस माझ्या पोटात चहाशिवाय काही गेलं नव्हतं.

आमचा स्वतःचा फोन 1994 मध्ये आला, अर्ज केल्यावर आठ वर्षांनी. पहिला फोन मी काकूंनाच लावला. त्या खिडकीत उभ्या, मी खिडकीत उभी, आणि दोघी कानाला फोन लावून एकमेकींकडे बघत हसतोय! पण खरं तर त्या दिवसापासून त्यांच्या ओसरीवर जायचं माझं निमित्त संपलं. जाणं कमी झालं ते झालंच.

मग मोबाइल आला. देशातला पहिला मोबाइल कॉल 31 जुलै 1995 चा, कोलकात्याहून ज्योती बसूंचा. तेव्हा आलेल्या फोनलाही पैसे पडत. ते 2003 मध्ये थांबले, पण त्याआधीच लोकांनी उत्तर शोधलं होतं : मिस्ड कॉल! जन्मभर मराठी शिकवलेल्या मला या क्रियापदाची फार मौज वाटते. चुकलेली वस्तू कुणाला 'देता' येते का? पण आम्ही देत होतो. मुलगा पुण्याला पोचला की एक रिंग, पैसे हवे असले की दोन. 2011 मध्ये अण्णांच्या आंदोलनाला लोकांनी पाठिंबाही मिस्ड कॉलनेच दिला. आता बोलणं जवळजवळ फुकट झालं, तशी ती भाषा विरत चालली.

आणि फुकट झालं म्हणून लोक जास्त फोन करतील असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. लिहून भागतं, म्हणून न लिहिता आलेला फोन म्हणजे मोठंच कारण. नातीच्या जगात तो पुन्हा ट्रंक कॉल झाला आहे. फरक एवढाच, की बातमी आधी स्वतःच्या कानावर घेऊन, पान वाढून मग सांगणारं मध्ये कुणी उरलेलं नाही. फोन तिच्या खिशात, एकटीच्या.

काकू 2009 मध्ये गेल्या. मला ते मोबाइलवर कळलं, भाजी घेताना.

काल मला नातीशी बोलायचं होतं. चष्मा लावून, एकेक अक्षर शोधत टाइप केलं, "सगळं ठीक आहे. जेवलीस का? फोन करू?"

एका मिनिटात तिचाच फोन आला. जेवली नव्हती.