रविवारचा वारसा आणि आपला नोकरदार वर्ग

मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी ज्ञातीतील यशस्वी वकील, सनदी लेखापाल आणि कंपन्यांतील अधिकारी यांची नामावली छापली जाते. ती वाचून आम्हां निवृत्त शिक्षकांचे मन भरून येते. कारण यांपैकी कित्येकांना आम्ही पाटीवर अक्षरे गिरविताना पाहिले आहे. परंतु याच मंडळींच्या घरी रविवारी जावे, तर चिरंजीव संगणकापुढे बसलेले असतात आणि सूनबाई कंपनीचा फोन आला म्हणून भरल्या ताटावरून उठतात. ज्या रविवाराची अशी अवहेलना होत आहे, तो आपणांस आयता मिळालेला नाही. त्याच्या प्राप्तीचा इतिहास आपल्या ठाणे शहराशी निगडित आहे आणि तो तरुण पिढीस सांगणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी आली. पुढील वर्षी, 1 मे 1854 रोजी, लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. या दोन तारखांनी आपल्या भागाचे भवितव्य ठरविले. राहावयाचे येथे आणि पोट भरावयाचे मुंबईत, अशी जीवनपद्धती हळूहळू रूढ झाली. 1862 साली मुंबईस उच्च न्यायालय स्थापन झाले. पाठोपाठ पेढ्या, गिरण्या व कचेऱ्या वाढल्या आणि शिकलेल्या माणसास कारकुनीची व वकिलीची वाट मोकळी झाली.

सरकारी कचेऱ्या व न्यायालये रविवारी बंद असत. गिरण्यांत मात्र सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम चाले आणि आठवड्याची अशी हक्काची सुट्टी नसे. हा अन्याय ज्यांनी वेशीवर टांगला, ते नारायण मेघाजी लोखंडे 1848 साली ठाण्यास जन्मले. ते कोणत्या ज्ञातीचे, हा प्रश्न येथे गौण आहे. त्यांचे ऋण सर्वच ज्ञातींवर आहे. लोखंडे यंत्रावर उभे राहणारे कामगार नव्हते. आरंभी रेल्वे व टपाल खात्यात आणि नंतर गिरणीत भांडारपाल, अशा त्यांच्या नोकऱ्या झाल्या. म्हणजे आजच्या भाषेत तेही कचेरीतले नोकरदारच होत. आपले बरे चालले आहे, एवढ्यावर संतुष्ट न राहता त्यांनी शेजारच्या माणसाच्या थकव्याकडे पाहिले. महात्मा फुले यांचे सहकारी या नात्याने त्यांनी 1880 पासून ‘दीनबंधु’ पत्र चालविले आणि 1884 साली गिरणी कामगारांची संघटना उभारली.

त्या संघटनेच्या मागण्या आजही वाचण्याजोग्या आहेत. आठवड्यास एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, कामाच्या वेळेस मर्यादा, महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत पगार आणि काम करताना अपघात झाल्यास भरपाई! यांत चैनीची एकही गोष्ट नाही. सहा वर्षे चिकाटीने प्रयत्न चालले. 1890 च्या एप्रिलमध्ये भरलेल्या कामगारांच्या प्रचंड सभेत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली आणि अखेर 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढे 1891 च्या कारखाना कायद्याने साप्ताहिक सुट्टीचे तत्त्व देशभर लागू केले. लोखंडे 1897 च्या फेब्रुवारीत प्लेगला बळी पडले. भारत सरकारने 2005 साली त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

मिळालेल्या फुरसतीचे आपल्या पूर्वजांनी काय केले, हेही पाहण्यासारखे आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय 1864 पासूनचे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 साली निघाले आणि त्याचे प्रमुख संस्थापक, ‘महाराष्ट्र सारस्वत’कार विनायक लक्ष्मण भावे, त्या वेळी केवळ विशीतले होते. डोंबिवलीचे गणेश मंदिर 1924 सालचे. त्याच्याच आश्रयाने 1999 साली गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेचा पायंडा पडला. वकिलांपुरते बोलावयाचे तर न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांचे उदाहरण आहे. उच्च न्यायालयात वकिली करीत असतानाच त्यांनी भगवद्गीतेचे इंग्रजी भाषांतर सिद्ध केले व ते 1882 साली प्रसिद्ध झाले. या मंडळींना व्यवसाय होता. परंतु व्यवसायाबाहेरही त्यांना एक अंगण होते. माणूस वाढतो तो त्या अंगणात, अशी आमची धारणा आहे.

आज हे अंगण आक्रसत चालले आहे. डोंबिवलीहून मुंबईस जाणाऱ्याचे येण्याजाण्यात दररोज तीन तास मोडतात, असे धरू. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर वर्षाचे 900 तास, आणि तीस वर्षांच्या नोकरीत 27,000 तास, म्हणजे अहोरात्र मोजल्यास तीन वर्षांहून अधिक काळ गाडीतच जातो! तोही सुखाचा नव्हे. 9 जून 2025 रोजी, सोमवारी सकाळी, मुंब्र्याजवळ गर्दीच्या गाड्यांतून माणसे खाली पडली व काही जणांचे प्राण गेले. ते कामावर वेळेवर पोहोचू पाहणारे आपल्यासारख्याच घरांतले लोक होते. आणि त्याच वर्षाच्या आरंभी एका मोठ्या कंपनीच्या प्रमुखांनी आठवड्यास 90 तास कामाचा पुरस्कार करून, रविवारी कर्मचाऱ्यांकडून काम करवून घेता येत नाही याची जाहीर खंत व्यक्त केली होती. लोखंड्यांच्या लढ्यास तेव्हा जेमतेम 135 वर्षे होत आली होती.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. कायद्याचे छत्र ज्यांना पुरते लाभत नाही, त्यांत आपली शिकलेली मुलेच अधिक आहेत. राज्याचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा व्यवस्थापकीय अधिकाऱ्यांस वगळतो. वकिलाची कचेरी ही व्यापारी आस्थापना नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1984 साली केरळातील एका प्रकरणात दिला. अर्थात गिरणी कामगारास कायद्याने जे दिले, ते वकिलाने व अधिकाऱ्याने स्वतःच राखावयाचे आहे आणि त्यास घरच्यांनी साथ द्यावयाची आहे.

ही साथ आपण देतो काय? वधूवर मेळाव्यात पहिला प्रश्न पगाराच्या आकड्याचा असतो. बढती मिळाली की पेढे वाटले जातात. मात्र झोप उडालेल्या मुलास ‘तुला बरे वाटते ना?’ असे विचारण्यास कोणास सवड नसते. मुलाने अशा वेळी नोकरी बदलतो म्हटले, तर घरात सुतक आल्यासारखे होते. हा दोष मुलांचा नव्हे, ज्ञातीने लावलेल्या मापाचा आहे.

म्हणून मंडळास आमच्या नम्र सूचना अशा. महिन्यातील एका रविवारी ज्येष्ठ वकील व निवृत्त अधिकारी यांनी सभागृहात बसावे आणि तरुणांनी आपल्या अडचणी त्यांच्यापाशी निःसंकोच बोलाव्यात. तेथील शब्द बाहेर जाऊ नये. गुणगौरवाच्या यादीत पदाबरोबरच वाचन, संगीत, व्यायाम व समाजसेवा यांसही स्थान असावे. ज्याचे मन फार खचले असेल, त्यास वैद्यकीय सल्ला घेण्यात कमीपणा वाटू देऊ नये; केंद्र सरकारची 2022 पासूनची टेलि-मानस सेवा 14416 या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे.

रविवार हा महाराष्ट्रात खंडोबाचा वार. एका ठाणेकराने सहा वर्षे झिजून तो कष्टकऱ्यांच्या पदरात टाकला. ज्ञातिबांधवांनी निदान पुढील रविवारी भोजनसमयी घरातील सर्व फोन एका फडताळात ठेवावेत आणि मुलांस नारायण मेघाजी लोखंडे कोण होते, ते सांगावे, एवढीच आमची विनंती आहे.