थायलंडचं 'नाही': आकडा तोच, माणसं वेगळी

आजचा भाग नकाशाचा आहे आणि ऐकताना नकाशा दिसत नाही, त्यामुळे आधी थायलंडचा आकार डोळ्यांसमोर आणा. हत्तीचं डोकं म्हणतात त्याला. वर कपाळाशी चियांग माई, उजवीकडचा मोठा कान म्हणजे देशाची ईशान्य बाजू, तोंडापाशी बँकॉक, आणि मलेशियापर्यंत खाली लोंबणारी सोंड म्हणजे दक्षिण थायलंड. या कानाचं थाई नाव 'ईसान'. संस्कृतातला ईशान, आपल्या ईशान्येतला. सार्वमताला थाई भाषेत 'प्रचामति' म्हणतात, म्हणजे प्रजेची मती. शब्द ओळखीचे आहेत, राजकारण मात्र समजून घ्यावं लागतं.

थायलंडने संपूर्ण राज्यघटना लोकांसमोर मताला ठेवली ती पहिल्यांदा १९ ऑगस्ट २००७ रोजी, आणि पुन्हा ७ ऑगस्ट २०१६ रोजी. दोन्ही वेळा मसुदा लष्करी उठावानंतर, लष्कराने बसवलेल्या व्यवस्थेत तयार झालेला. दोन्ही वेळा 'होय' जिंकलं: २००७ ला जवळपास ५८ टक्के, २०१६ ला ६१ टक्क्यांच्या थोडं वर. बातमी इथेच संपते. मी दिवसभर डेटाशी खेळणारा माणूस, मला सरासरी दिसली की खाज सुटते. सरासरीच्या आत काय दडलंय?

आधी २००७. ईसानमध्ये सुमारे ६३ टक्के 'नाही'. दक्षिणेत जवळपास ८८ टक्के 'होय'. एकाच देशात, एकाच दिवशी, एकाच कागदावर! यात टक्केवारीचा फरक आहेच, पण त्यामागे दोन वेगळे इतिहास आहेत.

ईसान म्हणजे देशाची सुमारे एक तृतीयांश लोकसंख्या. घरची बोली लाओ भाषेच्या जवळची, जमीन कोरडी, भात एकदाच. १८२७ मध्ये व्हिएनतिआनचा राजा अनुवोंग सयामविरुद्ध उठला, हरला, आणि त्याचं शहर सयामी फौजेने उद्ध्वस्त केलं. त्यानंतर मेकाँगच्या अलीकडचा हा मुलूख बँकॉकच्या हाताखाली अधिकाधिक घट्ट बांधला गेला. विसाव्या शतकात इथली माणसं बँकॉकमध्ये टॅक्सी चालवायला, बांधकामावर, घरकामाला जात राहिली. बँकॉकच्या विनोदात ईसानी माणूस म्हणजे अडाणी, आणि त्याचं मत म्हणजे विकत घेतलेलं मत.

मग १९९७ ची घटना आली, जिला 'जनतेची घटना' म्हणतात. तिच्यात सिनेट पूर्ण निवडून येणारं होतं. तिच्याखाली २००१ मध्ये थाकसिन शिनावात्रा निवडून आले आणि ३० बाथमध्ये दवाखान्यात उपचार, प्रत्येक गावाला १० लाख बाथचा कर्जनिधी अशा गोष्टी प्रत्यक्षात दिसल्या. थाकसिन काही संत नव्हते, त्यावर येतोच. पण ईसानच्या शेतकऱ्याला पहिल्यांदा वाटलं की मत दिलं की दवाखान्याचं बिल कमी होतं. १९ सप्टेंबर २००६ ला रणगाडे आले आणि ते सरकार गेलं. नव्या मसुद्यात १५० पैकी ७४ सिनेटर नेमलेले. आता सांगा, ज्याच्या मताचं वजन जवळजवळ अर्धं होणार आहे तो 'होय' कशाला म्हणेल?

अनेक लाओथम्मातास नावाच्या थाई राज्यशास्त्रज्ञाने नव्वदच्या दशकातच मांडलं होतं की खेडी सरकार बनवतात आणि शहर ते पाडतं. २००७ चा नकाशा जणू त्याची आकृतीच.

दक्षिणेचं गणित निराळं. ही रबराच्या बागांची, बँकॉकच्या जुन्या डेमोक्रॅट पक्षाची सोंड. त्रांगचे चुआन लीकपाय इथलेच, दोनदा पंतप्रधान. इथे 'होय' म्हणजे बव्हंशी थाकसिनना 'नाही'. शिवाय तेव्हा प्रचार होता की आत्ता मंजूर करा, दुरुस्त्या नंतर करू, निवडणुका तरी लवकर होतील. दमलेल्या माणसाला हे पटतं.

आता सोंडेच्या अगदी टोकाला या: पत्तानी, याला, नराथिवात. मलय बोलणारे मुस्लिम बहुसंख्य. जुनी पत्तानीची सल्तनत, १९०९ च्या इंग्रज-सयाम कराराने जिची वाटणी कायमची झाली. जानेवारी २००४ पासून इथे सशस्त्र बंड चालू आहे. त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला ताक बाई इथल्या निदर्शनानंतर ८५ माणसं मेली. त्यातली ७८ जण लष्करी ट्रकमध्ये हात बांधून एकावर एक रचल्यामुळे गुदमरली. सरकार थाकसिन यांचं होतं. म्हणून २००७ मध्ये या तीन प्रांतांतही 'होय'ला बहुमत मिळालं. थाकसिनना घालवणाऱ्यांवर इथे राग कमी होता, एवढाच त्याचा अर्थ मी घेतो.

नऊ वर्षांनी, २०१४ च्या दुसऱ्या उठावानंतर, जनरल प्रयुत चान-ओचा सत्तेवर असताना पुन्हा प्रचामति. यावेळी नियम कडक. मसुद्याबद्दल 'विपर्यस्त', उद्धट किंवा चिथावणीखोर काही पसरवलं तर दहा वर्षांपर्यंत तुरुंगवास. 'नाही' म्हणा असं सांगणारे कार्यकर्ते पकडले गेले. कांफेंग फेत प्रांतात आठ वर्षांच्या दोन मुलींनी भिंतीवरची मतदार यादी फाडली, कारण कागद गुलाबी होता आणि त्यांना तो रंग आवडला. पोलिसांनी सार्वमतात अडथळा आणल्याचा आरोप ठेवला. नाही हो, मी रंगवून सांगत नाहीये. आणि मसुदा पडला तर पुढे काय, हे सरकारने नीट सांगितलंच नाही.

निकाल आला. आता माझ्यातल्या इंजिनिअरला आवडलेली गोष्ट. २००७ मध्ये 'नाही' मतं होती सुमारे १ कोटी ७ लाख. २०१६ मध्ये सुमारे १ कोटी ६ लाख. जवळजवळ तोच आकडा! वरवर पाहिलं तर तीच माणसं हट्टाने तेच म्हणाली असं वाटेल. पण आत सगळं हललं होतं. ईसानचं 'नाही' ६३ वरून ५१ टक्क्यांवर घसरलं. भीती, थकवा, गावोगावी लष्कराची नजर, आणि काहींना निवडणूक हवी होती म्हणून, अशी कारणं एकत्र असावीत. दक्षिणेत 'नाही' वाढलं, साधारण १२ टक्क्यांवरून २३ वर. आणि ते टोकाचे तीन प्रांत चक्क उलटले. पत्तानीत तर जवळपास दोन तृतीयांश 'नाही'.

का? नव्या मसुद्याच्या ६७ व्या कलमात राज्याने थेरवाद बौद्ध धर्माच्या शिक्षणाला आणि प्रसाराला पाठबळ द्यावं आणि बौद्ध धर्माला कुठलीही बाधा येऊ नये म्हणून यंत्रणा उभारावी असं होतं. बंदूकधारी चौक्यांमध्ये राहणाऱ्या मलय मुस्लिमाला ही 'यंत्रणा' कशी ऐकू आली असेल? नकाशावर पत्तानी आणि उदोन थानी एकाच रंगात रंगले. एकाला थाकसिन यांचे दिवस परत हवे होते, दुसऱ्याला ताक बाई विसरता येत नव्हतं. २७९ कलमांचा दस्तऐवज एका बिटमध्ये कोंबला की असं होतं.

'होय'चंही तसंच. डेमोक्रॅट नेते अभिसित यांनी आपण 'नाही' म्हणणार असं जाहीर केलं होतं. सुरात थानीचे सुथेप, त्यांचे जुने सहकारी, 'होय'च्या बाजूने. दक्षिणेने बहुसंख्येने सुथेपना साथ दिली.

पण खरी मेख दुसऱ्या प्रश्नात होती. मतपत्रिकेवर आणखी एक लांबलचक वाक्य होतं: राष्ट्रीय सुधारणांचं सातत्य राहावं म्हणून पहिली पाच वर्षं पंतप्रधानपदाच्या व्यक्तीला संसदेच्या संयुक्त बैठकीने मंजुरी द्यावी, हे मान्य आहे का? 'सिनेट' हा शब्दच नाही त्यात. आणि त्या संयुक्त बैठकीत बसणार होते लष्करी राजवटीने ठरवलेले २५० सिनेटर. ५८ टक्के लोक 'होय' म्हणाले.

२०१९ मध्ये त्या २५० पैकी २४९ जणांनी प्रयुतना मत दिलं. उरलेले सिनेटचे अध्यक्ष, ते तटस्थ राहिले.

मे २०२३ मध्ये मात्र जुना नकाशा विस्कटला. मूव्ह फॉरवर्ड पक्षाला १५१ जागा मिळाल्या. २०१६ ला 'होय' म्हणणाऱ्या बँकॉकने ३३ पैकी ३२ जागा त्यांना दिल्या, सोंडेवरच्या फुकेतने तिन्ही. दोन महिन्यांनी, १३ जुलैला, त्यांचे नेते पिता लिमचारोनरात पंतप्रधानपदासाठी उभे राहिले. हवी होती ३७५ मतं, पडली ३२४. सिनेटरांपैकी १३ जणांनी त्यांना मत दिलं.