घरी घेतलेले औषध : मद्रासच्या क्षयप्रयोगाचा इतिहास



मी डॉक्टर नव्हे. महाविद्यालयाची पायरीही कधी चढलेलो नाही. माझे आयुष्य यंत्रमागाच्या खात्यांत आणि कामगार संघटनेच्या कचेरीत गेले, आणि जे काही वाचन झाले ते रात्री, सार्वजनिक वाचनालयाच्या कृपेने झाले. तरीही औषधोपचाराच्या इतिहासावर बोलण्याचे धाडस आज करीत आहे. हा इतिहास जितका डॉक्टरांचा, तितकाच रोजच्या मजुरीवर जगणाऱ्या माणसाचाही आहे, हे त्याचे कारण.

रोगावर औषध सापडले म्हणजे रोग संपला, अशी आपली साधी समजूत असते. दोन दिवसांच्या तापाला ती लागूही पडते. पण जो आजार महिनोन्‌महिने अंगात मुक्काम ठोकतो, त्याच्या बाबतीत औषध सापडणे ही एक गोष्ट आणि ते रोज, न चुकता, रोग्याच्या पोटात जाणे ही दुसरी गोष्ट. या दुसऱ्या गोष्टीचे संशोधन आपल्याच देशात, मद्रास शहरी, झाले. त्याची हकीकत मला आज सांगावयाची आहे.

आरंभ मात्र इंग्लंडपासून केला पाहिजे. १९४३ साली अमेरिकेत वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत स्ट्रेप्टोमायसिन सापडले. युद्धानंतर इंग्लंडच्या वाट्याला ते अगदी थोडे आले. सर्वांना पुरणार नाही, तर ते कोणाला द्यावे? सांख्यिकीतज्ज्ञ ब्रॅडफर्ड हिल यांनी मार्ग काढला. डॉक्टरच्या मर्जीवर काही न ठेवता, चिठ्ठी टाकावी तशा रीतीने रोग्यांचे दोन गट पाडण्यात आले. ५५ जणांना औषध आणि अंथरुणावर विश्रांती, ५२ जणांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटातले ४ दगावले, दुसऱ्यातले १४. १९४८ साली हा निकाल प्रसिद्ध झाला आणि सर्वांना हायसे वाटले.

पण पाच वर्षांनी पुन्हा मोजदाद केली, तेव्हा औषध मिळालेल्यांतले ३२ आणि न मिळालेल्यांतले ३५ जण मरण पावलेले होते. आरंभीची आघाडी बहुतेक वाहून गेली होती. एकट्या औषधाला जंतू सरावले होते. यातून दोन धडे मिळाले. क्षयाला एका वेळी निदान दोन औषधे हवीत, आणि ती दीर्घकाळ, खंड न पडता घेतली पाहिजेत. पी.ए.एस. हे जोडीचे औषध होतेच. १९५२ साली आयसोनियाझिड आले, आणि ते स्वस्तही होते.

आता आपल्या देशाकडे वळू. १९५५ ते १९५८ या काळात देशभर क्षयाची पाहणी झाली. फुप्फुसाचा क्षय सुमारे दीड टक्का लोकांत आढळला. आणि तो शहरात आहे तसाच खेड्यातही आहे, हे प्रथमच आकड्यांनी सिद्ध झाले. म्हणजे रोगी लाखांनी, आणि आरोग्यधामांतल्या खाटा काही हजार! पाचगणी-मिरजेची हवा, दूध, अंडी आणि वर्षभर विश्रांती हा त्या काळचा मान्य उपचार होता. तो ज्याला परवडे त्याला परवडे. चाळीतल्या किंवा झोपडपट्टीतल्या माणसाने काय करावे, या प्रश्नाला वैद्यकशास्त्रापाशी उत्तर नव्हते.

ते शोधण्यासाठी १९५६ साली मद्रासला क्षय औषधोपचार केंद्र निघाले. भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यक संशोधन परिषद यांचे ते संयुक्त काम. वॉलेस फॉक्स हे त्याचे पहिले प्रमुख. शहरातल्या गरीब, दाट वस्तीतले १९३ रोगी निवडले आणि चिठ्ठीच्याच न्यायाने त्यांचे दोन भाग केले. काहींना आरोग्यधामात ठेवले, काहींना घरी. औषधे मात्र दोघांना तीच : आयसोनियाझिड आणि पी.ए.एस., एक वर्षभर.

घरच्या रोग्यांची स्थिती पाहा. एका खोलीत सारे कुटुंब, अन्न बेताचे, विश्रांती कमी. आरोग्यधामातल्यांना आहार चांगला, वजनही त्यांचेच अधिक वाढले. आणि निकाल? वर्षअखेर आरोग्यधामातले ९२ टक्के आणि घरचे ८६ टक्के रोगी जंतूंच्या कसोटीवर बरे ठरले. हा फरक महत्त्वाचा मानण्याजोगा नव्हता. रोगी घरी राहिला तर बायकामुलांना रोग लावील, ही मोठी धास्ती होती. घरच्यांवर पाच वर्षे लक्ष ठेवले, तेव्हा तीही खोटी ठरली. लागण व्हावयाची ती बहुतेक निदान होण्यापूर्वीच झालेली असते. औषध सुरू झाल्यावर धोका झपाट्याने ओसरतो. १९५९ साली हा वृत्तांत छापून निघाला आणि जगभर आरोग्यधामांचे युग मावळू लागले.

परंतु या कथेचा एक भाग फारसा सांगितला जात नाही, आणि मला तोच महत्त्वाचा वाटतो. घरचा रोगी औषध घेतो की नाही, हे केंद्राला कसे कळत होते? पी.ए.एस. हे मोठ्या मात्रेत घ्यावे लागे, पोटात ढवळे, तोंडाची चव जाई. रोग्याच्या शब्दावर केंद्र विसंबून राहिले नाही. लघवी तपासून औषधाचा अंश पाहिला जाई. आगाऊ न कळवता घरी जाऊन उरलेले औषध मोजले जाई. १९५८ साली फॉक्स यांनी याच प्रश्नावर स्वतंत्र लेख लिहिला : रोग्याने आपल्या हाताने औषध घेण्याची अडचण. खोकला थांबला, अंगात बळ आले, की माणूस औषध सोडतो आणि कामाला लागतो. हे गरिबाचेच नव्हे, माणसाचेच लक्षण आहे. २००३ साली जागतिक आरोग्य संघटनेने हिशेब मांडला, तेव्हा सधन देशांतसुद्धा दीर्घ आजारांचे सरासरी निम्मेच रोगी सांगितल्याप्रमाणे औषध घेतात, असे दिसले. रक्तदाब आणि मधुमेह असलेल्या श्रोत्यांनी आपापल्या मनाशी पडताळा घ्यावा!

तेव्हा मद्रासचे ते ८६ टक्के केवळ गोळ्यांचे यश नव्हते. घरोघर जाणाऱ्या, चुकलेल्याला शोधून आणणाऱ्या, त्याच्या बायकोशी आणि शेजाऱ्यांशी बोलणाऱ्या माणसांचे श्रम त्यात मिसळलेले होते. १९६२ साली राष्ट्रीय क्षय कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा देशाने या प्रयोगातले ‘घरी उपचार’ एवढे उचलले, कारण ते स्वस्त होते. पाठपुराव्याचा जो खर्चाचा भाग, तो कागदावर राहिला. तीस वर्षांनी, १९९२ साली, कार्यक्रमाची तपासणी झाली. निम्म्याहून कमी रोग्यांचे निदान नीट होत होते, आणि त्यांतल्या निम्म्याहून कमी रोग्यांवर नीट उपचार होत होते.

दोष कोणाचा? सरकारी कागदात उत्तर तयार होते : रोगी अडाणी आहे, बेजबाबदार आहे. पण डॉ. बॅनर्जी आणि अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यात केलेली पाहणी १९६३ सालीच प्रसिद्ध झाली होती. ज्यांच्या थुंकीत जंतू होते, त्यांतले निम्म्याहून अधिक लोक आपण होऊन दवाखान्यात जाऊन आले होते. तेथे बहुतेकांच्या हाती खोकल्याच्या औषधाची बाटली पडली होती. रोगी दारापर्यंत आला होता. दाराच्या आत त्याला कोणी ओळखले नाही.

पुढे उपाय निघाला तो पाळतीचा. देखरेखीखाली औषध देण्याची मूळ कल्पनाही मद्रासचीच. १९६४ साली त्या केंद्राने दाखवून दिले, की आठवड्यातून दोनदा केंद्रात बोलावून दिलेले औषध रोज घरी घेतलेल्या औषधाइतकेच गुणकारी ठरते. १९९७ पासून आपल्याकडे ‘डॉट्स’ या नावाने देखरेखीची योजना देशभर पसरत गेली. रोग्याच्या नावाची औषधपेटी आधीच बाजूला ठेवली जाऊ लागली, थुंकीची तपासणी सुधारली, आणि त्याचा लाभ निश्चित झाला. पण डोळ्यांदेखत गोळी गिळायला लावणे, एवढ्यानेच हे घडले काय? पाकिस्तानात ४९७ रोग्यांवर चाचणी झाली. तिचा निकाल २००१ साली आला. आरोग्यसेवकासमोर औषध घेणारे ६४ टक्के बरे झाले, घरच्या माणसासमोर घेणारे ५५ टक्के, आणि आपल्या हाताने घेणारे ६२ टक्के. नुसत्या पाळतीचे पारडे काही जड भरले नाही.

श्रोतेहो, गिरणीत किंवा यंत्रमागावर काम केलेल्या माणसाला याचे नवल वाटणार नाही. हजेरीपुस्तक कडक केले म्हणून आजारी माणूस कामावर येत नाही. त्याच्या अडचणीची सोय लावली तर येतो. यंत्रमाग कामगाराची पाळी बारा तासांची, मजुरी मीटरवर. दवाखाना सकाळी उघडतो, दुपारी मिटतो. एक फेरी म्हणजे एक खाडा, आणि खाडा म्हणजे त्या दिवसाची चूल. रोगाचे नाव मालकाच्या कानी गेले तर माग दुसऱ्याला मिळेल, ही भीती वेगळीच. असा माणूस औषध चुकवतो तेव्हा त्याने दोन हिशेब समोर ठेवून पाहिलेले असतात. सरकारी दप्तरांत अशा रोग्याला ‘डिफॉल्टर’, म्हणजे कर्जबुडव्याला लावावा तोच शब्द, लावला जाई. २०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या व्याख्यांतून तो काढला. शब्द गेला, हे चांगले झाले. मनातूनही तो जावा.

१९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्याने क्षयासारख्या दीर्घ आजारात लांब मुदतीच्या रोख भत्त्याची वाट मोकळी केली. माझ्या मते ते औषधाइतकेच औषध होते. पण ते विमा असलेल्या कामगाराला. विडी वळणारी बाई, बांधकामावरचा मजूर, घरकाम करणारी मोलकरीण, यांतले बहुतेक त्या कक्षेबाहेरच राहिले.

अन्नाचेही सांगितले पाहिजे. मद्रासला दिसले, की औषध नीट घेतले तर बरे होणे दुधा-अंड्यांवाचून अडत नाही. यावरून अन्न गौण, असा निष्कर्ष काहींनी काढला. तो घाईचा होता. झारखंडच्या चार जिल्ह्यांत २०१९ ते २०२२ या काळात २,८०० रोग्यांच्या घरांतल्या १०,३४५ माणसांवर प्रयोग झाला. रोग्यांना सर्वत्र शिधा दिला. निम्म्या ठिकाणी घरच्यांनाही तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वे दिली. जेथे घरच्यांना शिधा मिळाला तेथे नवा क्षय सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाला. पहिल्या दोन महिन्यांत ज्या रोग्यांचे वजन पाच टक्के वाढले, त्यांच्यात मृत्यूही पुष्कळ कमी आढळले. म्हणजे जंतू मारण्याचे काम औषधाचे. घर राखण्याचे काम भाकरीचे. दोन्ही प्रयोग आपापल्या जागी खरे आहेत.

आज साध्या क्षयाला वर्षाऐवजी सहा महिने पुरतात, सरकारी औषध फुकट मिळते, आणि पोषणासाठी २०१८ पासून दरमहा ५०० रुपये व नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये देण्याची योजना आहे. हे थोडे नव्हे. पण सहा महिने हासुद्धा मजुराला लांबचा पल्ला आहे. म्हणून आपल्या गावापुरती तीन चौकश्या आपण नागरिकांनी कराव्यात, असे मी सुचवितो. औषध देणारा दवाखाना पाळी सुटल्यावर उघडा असतो काय? पोषणाचे पैसे उपचार चालू असतानाच हाती पडतात, की रोगी बरा झाल्यावर? आणि औषधासाठी गेलेल्या माणसाचा खाडा कोण भरून देतो? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे नगरपालिकेत मिळतील. तिसऱ्याचे उत्तर मालक आणि कामगार यांनी एकत्र बसून काढावयाचे आहे, आणि आमच्या संघटनेचे दार त्यासाठी उघडे आहे.