वाटणी, राहत्या घराची

वारसाहक्काने सामाईक झालेल्या घराचे भावंडांत वा अन्य सहहिस्सेदारांत होणारे विभाजन. रोकड हिश्शांप्रमाणे विभागता येते. एकच जिना, विहीर वा देवघर असलेली वास्तू तशी विभागता येत नाही. वेगळे होण्याचा हक्क आणि घर अखंड राखण्याची गरज यांतील संघर्ष हा या विषयाच्या इतिहासाचा गाभा होय. पुढील विवेचन हिंदू कुटुंबांपुरते आहे.

आईवडिलांच्या मागे भावांनी पैतृक धन समान वाटून घ्यावे, असे मनुस्मृतीत सांगितले आहे. शंख-लिखितांनी मात्र वास्तू अविभाज्य मानली. बृहस्पतीने अविभाज्य वस्तूंबाबत व्यवहार्य मार्ग दाखविला : वस्त्रालंकार विकून किंमत वाटावी, विहिरीचे पाणी गरजेनुसार काढून घ्यावे. मराठेशाहीत वाटणीचे तंटे गोतसभेपुढे येत व निर्णयाचा महजर होई.

ब्रिटिश अमदानीत १८९३ च्या विभाजन अधिनियमाने हेच सूत्र विधिबद्ध केले. प्रत्यक्ष वाटणी सोयीची नसल्यास, किमान निम्म्या हिश्शाच्या मालकांच्या विनंतीवरून न्यायालय विक्रीचा आदेश देऊ शकते. तथापि इतर हिस्सेदारांना तो हिस्सा न्यायालयाने ठरविलेल्या किंमतीस घेता येतो. अविभक्त कुटुंबाच्या घरातील हिस्सा विकत घेणाऱ्या त्रयस्थाने वाटणीचा दावा लावल्यास त्याचा हिस्सा खरेदी करण्याचा हक्कही कुटुंबीयांस आहे.

घर अखंड राखण्याची किंमत मुख्यतः स्त्रियांनी मोजली. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ अन्वये मुलगी वारस ठरली. परंतु कलम २३ नुसार, कुटुंबीयांच्याच पूर्ण वहिवाटीतील घराची वाटणी पुरुष वारस वेगळे होईपर्यंत स्त्री वारसास मागता येत नसे. निवासाचा हक्कही मुलींपैकी केवळ अविवाहित, विधवा, परित्यक्ता वा पतीपासून विभक्त झालेलीसच होता. पुरुष वारस एकच असला, तरी हे बंधन लागू राहते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दिला. म्हणजे भाऊ एकटाच असल्यास बहिणीचा हिस्सा बहुधा कागदावरच राही. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना सहदायाद केले, तरी हे कलम कायम होते. अखेर ९ सप्टेंबर २००५ पासून ते रद्द झाले. त्या दिवशी वडील हयात नसले, तरी मुलीचा सहदायाद म्हणून हक्क अबाधित राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले.

दाव्याखेरीज आपसांतील तडजोडीचा मार्गही खुला आहे. कौटुंबिक तडजोड तोंडीही होऊ शकते आणि तिची केवळ स्मरणार्थ टिपणी नोंदविणे आवश्यक नाही, असा निर्णय १९७६ मध्ये झाला. वाटणी ज्या दस्तानेच घडून येते, तो मात्र नोंदवावा लागतो. एकाने घर ठेवून इतरांस रोख मोबदला देणे, ही रीत अशा तडजोडींत विशेष उपयुक्त ठरते.