‘नागिन’मधील बीन : एका लोकप्रिय सुरावटीचा उगम

सुपा हे पारनेर तालुक्यातील, पुणे–अहिल्यानगर मार्गावरील गाव. तेथील असो वा महाराष्ट्रातील अन्य कोणत्याही गावची असो, वरात रंगात आली की बँडवाल्यांकडे एका सुरावटीची मागणी बहुधा होतेच. एक जण हातरुमालाचे टोक दातांत धरून पुंगी वाजविण्याचा आविर्भाव करतो. दुसरा तळहातांचा फणा करून त्याच्यापुढे डोलतो. ही सुरावट गारुड्यांच्या परंपरेतून चालत आली असावी, असा समज पाहणाराचा सहज होतो. लोकसंगीताच्या एखाद्या अभ्यासकाने ती ‘पारंपरिक’ म्हणून टिपून घेतली, तर नवल वाटू नये. वस्तुतः तिचा उगम वर्षासह सांगता येतो.

‘नागिन’ हा नंदलाल जसवंतलाल यांनी दिग्दर्शित केलेला फिल्मिस्तान संस्थेचा हिंदी चित्रपट १९५४ मध्ये प्रदर्शित झाला. वैजयंतीमाला व प्रदीपकुमार हे त्यातील प्रमुख कलावंत होते. संगीत हेमंतकुमार यांचे, गीते राजेंद्रकृष्ण यांची आणि नायिकेसाठी आवाज लता मंगेशकर यांचा होता. कथानकामुळे बीनवादनास त्यात मध्यवर्ती स्थान मिळाले. तथापि, श्रोत्यांनी जी बीन म्हणून ऐकली ती बीन नव्हती. कल्याणजी वीरजी शाह यांनी क्लॅव्हिओलीन या विद्युत्‌-वाद्यावर आणि हेमंतकुमारांचे सहायक रवी यांनी हार्मोनियमवर तो नाद निर्माण केला होता.

क्लॅव्हिओलीन हे कॉन्स्टंट मार्टिन या फ्रेंच तंत्रज्ञाने १९४७ मध्ये सिद्ध केलेले वाद्य होय. त्यात भाता नाही, तार नाही. निर्वात नलिकांच्या साह्याने विद्युत्‌-आंदोलने उत्पन्न करून ती ध्वनिवर्धकातून ऐकविली जातात. त्यावर एका वेळी एकच स्वर निघतो. मात्र तो अखंड धरता येतो व कंपितही करता येतो. गारुड्याच्या पुंगीत दुधी भोपळ्याला दोन नळ्या जोडलेल्या असतात. एकीवर सुरावट वाजते, दुसरी आधारस्वर देत राहते. वादक श्वास न तोडता वाजवितो, त्यामुळे नाद खंडित होत नाही. क्लॅव्हिओलीनचा अखंड, कंपित स्वर आणि हार्मोनियमच्या पत्तीचा किंचित सानुनासिक ध्वनी यांच्या मिश्रणाला बीनचे रूप का आले, याचा उलगडा या रचनेवरून होतो.

येथे श्रेयाचा प्रश्न उपस्थित होतो. त्या काळच्या ध्वनिमुद्रिकांवर गायक व संगीतकार यांची नावे छापली जात. वादकांची सहसा नसत. केवळ ध्वनिमुद्रिकेलाच पुरावा मानले, तर कल्याणजी व रवी हे या इतिहासातून वगळले जातील. त्यांचा वाटा कळतो तो संगीतक्षेत्रातील आठवणींतून. गिरगावात वाढलेले, कच्छी व्यापारी कुटुंबातील कल्याणजी पुढे बंधू आनंदजींसह संगीतकार म्हणून नावारूपास आले. रवी यांनीही स्वतंत्र कीर्ती मिळविली. म्हणूनच या आठवणींची विचारपूस झाली. ज्या वादकांना पुढे असे नाव लाभले नाही, त्यांच्याविषयी कोणी विचारावे?

इंग्लंडमधील एक उदाहरण तुलनेसाठी उपयुक्त आहे. जो मीक यांची ‘टेलस्टार’ ही शब्दविरहित रचना १९६२ मध्ये इंग्लंड व अमेरिका या दोन्ही देशांत अग्रस्थानी पोहोचली. तिचा प्रमुख नाद क्लॅव्हिओलीनचाच होता. मुद्रिका ‘टॉर्नेडोज’ या वाद्यवृंदाच्या नावाने निघाली. क्लॅव्हिओलीन वाजविणारे जेफ गॉडर्ड मात्र त्या वृंदाचे सदस्य नव्हते. एका फ्रेंच संगीतकाराने चालीच्या उचलेगिरीचा दावा लावला आणि १९६७ मध्ये मीक यांचा मृत्यू होईपर्यंत त्यांना मानधन मिळू शकले नाही. निकाल त्यांच्या बाजूने लागला, तो मरणोत्तर. एकाच वाद्याने एका देशात कृत्रिम उपग्रहाचे स्वप्न उभे केले, तर दुसऱ्या देशात गारुड्याची पुंगी.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर गारुड्याच्या व्यवसायाचा आधार क्रमाने नाहीसा होत गेला आणि खरी पुंगी विरळ झाली. तिची प्रतिकृती मात्र वरातीतून वाजत राहिली व लोकांच्या दृष्टीने तीच मूळ ठरली. लोकप्रियता हा प्राचीनत्वाचा पुरावा नव्हे, हा या उदाहरणाचा बोध होय. सुरावट टिपून घेणाऱ्याने ती कोठून आली याबरोबरच ती प्रथम कोणाच्या हातून वाजली, हेही विचारले पाहिजे; आणि ते सांगणारी माणसे हयात आहेत तोवरच विचारले पाहिजे.