जेरी वेस्ट : आठ पराभव पचविलेला संघशिल्पकार

अमेरिकी बास्केटबॉलपटू जेरी वेस्ट यांचा जन्म २८ मे १९३८ रोजी वेस्ट व्हर्जिनियात झाला. १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळविल्यानंतर ते लॉस एंजेलिस लेकर्स संघात दाखल झाले. १४ हंगामांत त्यांनी २५,१९२ गुण नोंदविले. विजेतेपदाने मात्र सतत हुलकावणी दिली. त्यांनी खेळलेल्या नऊपैकी आठ अंतिम मालिका संघाने गमावल्या, त्यांतील सहा बोस्टन सेल्टिक्सकडून. १९६९ मध्ये पराभूत संघात असूनही अंतिम मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान त्यांनाच मिळाला. खेळाडू म्हणून एकमेव विजेतेपद लाभले ते १९७२ मध्ये.

तीन हंगाम प्रशिक्षकपद सांभाळून १९८२ मध्ये ते लेकर्सचे महाव्यवस्थापक झाले. १९९६ मध्ये अनुभवी व्लादे दिवाच यांना शार्लट संघाकडे सोपवून त्यांनी अवघ्या १७ वर्षांच्या कोबी ब्रायंटला संघात आणले. त्याच उन्हाळ्यात शकील ओनीलही करारबद्ध झाले. या जोडीने २००० ते २००२ अशी सलग तीन विजेतेपदे पटकावली. पुढे मेम्फिस ग्रिझलीजची धुरा आणि गोल्डन स्टेट वॉरियर्सचे सल्लागारपद त्यांनी सांभाळले. मैदानावर निसटलेले यश त्यांनी अचूक गुणपारखीतून मिळविले. १२ जून २०२४ रोजी त्यांचे निधन झाले.